गिऱ्हाईक आणलं कोणी?

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय आहे कमिशन.

कुठल्याही तीर्थक्षेत्राच्या एस.टी. स्टँडवर उतरलं की रिक्षावाले गराडा घालतात. "चला साहेब, चांगलं लॉज दाखवतो." आपण बसतो, तो लॉजच्या दारात सोडतो, आपण खोली घेतो. बॅगा उचलून जिना चढायला लागलो की काउंटरवरचा माणूस हळूच त्याच्या हातात एक नोट सरकवतो. यात गैर काही नाही. त्याने गिऱ्हाईक आणलं, त्याला त्याचा वाटा मिळाला. हा व्यवहार इतका सोपा आहे, कारण गिऱ्हाईक कोणी आणलं हे लॉजवाल्याला डोळ्यांनी दिसतं.

इंटरनेटवर हाच धंदा गेली तीसेक वर्षं चालू आहे. त्याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. तुमची एक साइट असते. तिथे तुम्ही एखाद्या ऑनलाइन दुकानातल्या वस्तू मांडता, वाचक तिथून त्या दुकानात जातो, खरेदी करतो, आणि दुकान तुम्हाला टक्केवारी देतं. रिक्षा आणि लॉज, दुसरं काय? फक्त इथे गिऱ्हाईक कोणी आणलं हे कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही. ते ओळखायला यंत्र लागतं, आणि ते यंत्र एका फार ढोबळ गृहीतकावर चालतं. या धंद्यातले खटले, तुरुंगवास, करांची भांडणं, बुडालेल्या साइट्स हे सगळं खणत गेलं की तळाशी तेच एक गृहीतक सापडतं, असं माझं मत आहे. कसं ते सांगतो. लेख लांब आहे, चहा घेऊन बसा :-)

सुरुवात वेब सर्रास वापरात येण्याआधीची, आणि तीही फुलांची. विल्यम टोबिन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८९ मध्ये पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स ही कंपनी प्रॉडिजी या नेटवर्कवर सुरू केली. प्रॉडिजी म्हणजे आयबीएम आणि सिअर्स यांची फोनलाइनवरून चालणारी सेवा. वर्गणी भरा, घरच्या संगणकावरून बातम्या वाचा, वस्तू मागवा. टोबिन फुलं विकायचा आणि प्रत्येक विक्रीमागे प्रॉडिजीला कमिशन द्यायचा. इथे हिशोबाचा प्रश्नच नव्हता. प्रॉडिजीवर आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक प्रॉडिजीचंच. एकच रिक्षावाला, एकच लॉज. पुढे टोबिनने वेबवर हीच पद्धत नेली, जानेवारी १९९६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते त्याला २००० मध्ये मिळालं.

खरी गंमत वेब आल्यावर झाली. जेसन आणि मॅथ्यू ओलिम या जुळ्या भावांनी १९९४ मध्ये सीडीनाऊ हे गाण्यांच्या सीडी विकणारं दुकान काढलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी 'बायवेब' नावाची योजना आणली. गेफेन रेकॉर्ड्स या संगीत कंपनीला आपल्या कलाकारांच्या सीडी स्वतःच्या साइटवरून विकायच्या होत्या, पण पार्सलं बांधणं, पैसे वसूल करणं ही झंझट नको होती. सीडीनाऊने सांगितलं, तुम्ही फक्त आमच्याकडे पाठवा, बाकी आम्ही बघतो. मग संगीतावर लिहिणाऱ्या छोट्या साइट्सनाही ते दार उघडलं. एखाद्या अल्बमबद्दल चार ओळी लिहायच्या, खाली लिंक द्यायची, कोणी विकत घेतला तर काही टक्के तुमचे.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्या माणसाने परीक्षण लिहिलं, त्यालाच पैसे मिळत होते. वाचकाचं मन वळवणारा आणि वाचकाला दुकानाच्या दारात सोडणारा, दोघं एकच होते. ही जोडी पुढे फुटणार होती.

अ‍ॅमेझॉनचं पुस्तकांचं दुकान जुलै १९९५ मध्ये उघडलं आणि बरोबर वर्षभराने, जुलै १९९६ मध्ये, त्यांचा असोसिएट्स कार्यक्रम सुरू झाला. एका पार्टीत एक बाई जेफ बेझोसला भेटल्या, त्यांना आपल्या साइटवरून घटस्फोटाविषयीची पुस्तकं विकायची होती आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी एक दंतकथा सांगितली जाते. खरीखोटी देव जाणे. पण कल्पनेचा जीव त्या कथेत बरोबर पकडलाय. जगातल्या प्रत्येक विषयाला वाहिलेला कोणीतरी एक वेडा माणूस असतो, आणि त्या विषयावरचं कोणतं पुस्तक घ्यावं हे दुकानापेक्षा त्याला जास्त कळतं. बागकाम, बुद्धिबळ, मधुमेह, मासेमारी, काहीही घ्या. या वेड्यांना दुकानाचे विक्रेते करून टाकायचं, पगार द्यायचा नाही, विक्री झाली तरच पैसे द्यायचे. दुकानदाराच्या दृष्टीने याहून चांगली जाहिरात कोणती? वर्तमानपत्रात जाहिरात दिली तर विक्री होवो न होवो, बिल येतंच.

फेब्रुवारी २००० मध्ये अ‍ॅमेझॉनला या पद्धतीवरचं पेटंटसुद्धा मिळालं. 'वन-क्लिक'च्या पेटंटवरून आधीच गदारोळ चालला होता, त्यात ही भर. दुसऱ्याने गिऱ्हाईक पाठवलं तर त्याला पैसे देण्यावर पेटंट? लोक वैतागले. बेझोसने मार्च २००० मध्ये जाहीर पत्र लिहून सॉफ्टवेअर आणि धंद्याच्या पद्धतींवरच्या पेटंटची मुदत तीन ते पाच वर्षांवर आणावी अशी सूचना केली, पण स्वतःची पेटंटं काही सोडली नाहीत.

आता थोडं यंत्राबद्दल. (इंजिनिअर नसलेल्यांनी घाबरू नये, सोपं आहे.)

वेबचा सर्व्हर हा जन्मजात विसरभोळा प्राणी. तुम्ही एक पान मागितलं, त्याने दिलं, संपलं. पुढच्या क्षणी तुम्ही दुसरं पान मागितलंत तर मघाचे तुम्हीच का, हे त्याला माहीत नसतं. अशा सर्व्हरवर दुकान कसं चालवणार? पिशवीत साबण टाकला, तेल घ्यायला वळलो, तोवर दुकानदार साबण विसरला. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोन्टुली या इंजिनिअरने यावर तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरच्या हातात एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने दर खेपेला ती परत दाखवायची. हीच कुकी.

अ‍ॅफिलिएटवाल्यांनी या चिठ्ठीचा उपयोग पुढे नेला. तुमच्या साइटवरच्या लिंकमध्ये तुमचा एक सांकेतिक क्रमांक असतो. वाचकाने ती दाबली की तो दुकानाच्या साइटवर पोचतो आणि दुकान त्याच्या ब्राउझरमध्ये चिठ्ठी ठेवतं: "याला अमुकने पाठवलं." नंतर त्याने खरेदी केली की दुकान चिठ्ठी वाचतं आणि तुमच्या खात्यात टक्केवारी जमा होते. चिठ्ठीला मुदत असते. अ‍ॅमेझॉनची चोवीस तासांची. तेवढ्यात वस्तू टोपलीत टाकली असेल तर साधारण नव्वद दिवसांपर्यंत ती धरली जाते. दुसऱ्या काही दुकानांची मुदत महिन्याची.

आपल्याकडच्या एल.आय.सी. एजंटशी तुलना करून बघा. पॉलिसी त्याने विकली की पहिल्या वर्षी मोठं कमिशन, आणि पुढे हप्ते भरले जातात तोवर दर वर्षी थोडं थोडं. कारण पॉलिसीच्या कागदावर त्याचं नाव आहे. वेबवरच्या एजंटचं नाव गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये असतं, आणि ते कोणीही खोडू शकतं.

कारण मुख्य प्रश्न हा की दोन चिठ्ठ्या असल्या तर? सोमवारी तुम्ही एका माणसाचं कॅमेऱ्यावरचं दहा पानी परीक्षण वाचलंत, तिथली लिंक दाबलीत. मंगळवारी त्याच कॅमेऱ्याचा भाव दुसऱ्या साइटवर बघितलात, तिथलीही लिंक दाबलीत आणि खरेदी केलीत. कमिशन कोणाला? बहुतेक सगळ्या धंद्याने उत्तर दिलं: शेवटच्याला. नवीन चिठ्ठी जुन्या चिठ्ठीवर चिकटते. हिशोबाला सोपं, प्रोग्रॅमला सोपं, भांडण नाही.

हेच ते गृहीतक. जो शेवटी दिसला, त्याने गिऱ्हाईक आणलं.

आता ज्याला डोकं आहे तो काय करणार? परीक्षण लिहीत बसणार की शेवटी दिसण्याची सोय करणार?

त्याआधी या धंद्यातल्या एका विसरलेल्या देणगीबद्दल सांगितलंच पाहिजे. सुरुवातीला साइटवर वस्तू मांडायच्या म्हणजे हाताने लिंक चिकटवायच्या. किंमत बदलली की पान शिळं. जुलै २००२ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली वस्तूंची सूची बाहेरच्या प्रोग्रॅमरांना फुकट खुली केली. तुमचा प्रोग्रॅम अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरला विचारणार, बुद्धिबळावरची पुस्तकं द्या, आणि सर्व्हर नाव, किंमत, मुखपृष्ठाचं चित्र एक्सएमएलमध्ये पाठवणार. ते तुम्ही आपल्या साइटवर हवं तसं मांडा. या सेवेचं नाव होतं अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस. होय, तेच! ज्याच्या सर्व्हरांवर आज अर्धी आयटी कंपनी चालते ते एडब्ल्यूएस. एस-थ्री आणि ईसी-टू हे त्याचे आजचे अवतार २००६ चे. त्याच्या चार वर्षं आधी ते नाव दुकानाचा माल दुसऱ्याच्या साइटवर मांडायच्या सोयीचं होतं. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच पोरांना हे माहीत नसतं.

या सोयीने हजारो छोट्या साइट्स उभ्या राहिल्या, पण तिचा दुसरा परिणामही झाला. वस्तू मांडायला आता त्या वस्तूबद्दल काही माहीत असायची गरज उरली नाही. एका रात्रीत प्रोग्रॅम लिहून लाखभर पानांचं 'दुकान' काढता येऊ लागलं, ज्यात मालकाने स्वतः लिहिलेली एक ओळही नाही. गुगलने फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' नावाचा बदल आणून असली उथळ पानं खाली ढकलली, तेव्हा अशा बऱ्याच साइट्सचा धंदा बसला.

दरम्यान मध्यस्थांचेही मध्यस्थ आले. प्रत्येक दुकानाशी वेगळा करार कोण करणार? १९९६ मध्ये लिंकशेअर आणि १९९८ मध्ये कमिशन जंक्शन ही जाळी उभी राहिली. एकीकडे शेकडो दुकानं, दुसरीकडे हजारो साइट्स, मध्ये हिशोब ठेवणारा. २००५ मध्ये जपानच्या राकुतेनने लिंकशेअर ४२.५ कोटी डॉलरना घेतली, यावरून यात किती पैसा फिरत होता याचा अंदाज येईल.

आणि पैसा आला की चोर येतात.

पहिली तऱ्हा घरात घुसणाऱ्या प्रोग्रॅमची. फुकटचा स्क्रीनसेव्हर किंवा गाणी उतरवायचा प्रोग्रॅम टाकला की सोबत एक चोरपाहुणा यायचा. तुम्ही दुकानाच्या साइटवर गेलात की तो गुपचूप आपली चिठ्ठी लावायचा, आधीची दुसऱ्या कोणाची असली तरी तिच्यावर. बेन एडलमन या संशोधकाने २००४ पासून असे प्रकार पुराव्यांसह मांडले. यात दुकान दोनदा फसायचं. जो गिऱ्हाईक आपणहून आला होता, त्याचंही कमिशन द्यावं लागायचं. पण सगळ्यात जास्त मार बसायचा तो परीक्षण लिहिणाऱ्या त्या बिचाऱ्याला, आणि त्याला ते कळायचंही नाही. त्याच्या खात्यात फक्त शून्य दिसायचा.

दुसरी तऱ्हा 'कुकी स्टफिंग'ची, म्हणजे चिठ्ठ्या कोंबण्याची. यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ईबेचं. शॉन होगन हा ईबेचा सगळ्यात मोठा अ‍ॅफिलिएट. दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्यांत ब्रायन डनिंग, हा एरवी अंधश्रद्धा आणि भोंदूपणा उघडा पाडणारं पॉडकास्ट चालवणारा गृहस्थ! त्यांची युक्ती अशी: लोकांना आपल्या साइटवर लावायला फुकटची छोटी उपकरणं वाटायची. ती असलेलं पान कोणी उघडलं की ब्राउझर पडद्यामागे ईबेला भेट देऊन यायचा आणि चिठ्ठी लागायची. वाचकाने ईबेचं नावसुद्धा पाहिलेलं नसायचं. पुढे तो कधीतरी आपल्या मनाने ईबेवर गेला आणि काही घेतलं की कमिशन यांचं. स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर आपल्या नावाची चिठ्ठी डकवून रिक्षावाला घरी झोपायला गेला, असंच समजा. सरकारी आरोपपत्रानुसार ईबेचं आणि कमिशन जंक्शनचं मुख्यालय जिथे आहे, त्या सॅन होजे आणि सांता बार्बरा गावांतल्या संगणकांना हा प्रोग्रॅम वगळायचा, म्हणजे तपासणाऱ्याला काही दिसू नये.

२००६-०७ या काळात होगनने दीड कोटी डॉलरहून अधिक आणि डनिंगने पन्नास लाख डॉलरहून अधिक कमिशन घेतलं, असा आरोप होता. २००७ मध्ये एफबीआयचे छापे पडले, २००८ मध्ये ईबेने दावा लावला, २०१० मध्ये फौजदारी खटला उभा राहिला. दोघांनीही गुन्हा कबूल केला. २०१४ मध्ये होगनला पाच महिने आणि डनिंगला पंधरा महिने कैद झाली.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. इथे कोणी कुलूप फोडलेलं नव्हतं. यंत्राला विचारलं होतं "शेवटची चिठ्ठी कोणाची?" आणि यंत्राने प्रामाणिक उत्तर दिलं होतं. चूक प्रश्नात होती. दुकानाला खरं तर विचारायचं होतं "या माणसाने खरेदी कोणामुळे केली?" पण ते मोजता येत नाही, म्हणून जे मोजता येतं ते विचारलं. आमच्या धंद्यात ही चूक रोज होते, फक्त दर वेळी एफबीआय येत नाही.

तिसरं भांडण करांचं, आणि ते मला सगळ्यात रंजक वाटतं. अमेरिकेत विक्रीकर राज्याचा. १९९२ च्या क्विल खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की ज्या विक्रेत्याचं राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व नाही, त्याला राज्य कर गोळा करायला लावू शकत नाही. ऑनलाइन दुकानांची त्यामुळे चंगळ. २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने डोकं चालवलं. म्हणालं, तुमचं दुकान इथे नसेल, पण आमच्या राज्यातले लोक आपल्या साइटवर तुमच्या लिंक लावून कमिशन घेतात ना? त्यांच्यामार्फत वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर विक्री होत असेल तर ते तुमचे विक्रेतेच झाले. भरा कर.

म्हणजे कोर्टापुढे प्रश्न आला तो हाच! लिंक लावणारा हा नुसता जाहिरातीचा फळा आहे की गिऱ्हाईक आणणारा माणूस? दुकानं इतकी वर्षं या मंडळींना भागीदार, सहकारी म्हणत होती. कोर्टात मात्र म्हणू लागली, छे, ती तर फक्त जाहिरात. ओव्हरस्टॉक या दुकानाने न्यूयॉर्कमधल्या सगळ्या अ‍ॅफिलिएटांना काढून टाकलं. अ‍ॅमेझॉनने न्यूयॉर्कमध्ये खटला लढवला, पण बाकी राज्यांनी तसेच कायदे केले तेव्हा तीच वाट धरली. २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड, २०१० मध्ये कोलोरॅडो, २०११ मध्ये इलिनॉय आणि कॅलिफोर्निया. एक ईमेल आली आणि त्या राज्यातल्या हजारो लोकांचं उत्पन्न बंद. कॅलिफोर्नियाशी त्याच वर्षी तडजोड झाली आणि तिथले लोक परत घेतले गेले. शेवटी जून २०१८ मध्ये वेफेअर खटल्यात सुप्रीम कोर्टाने प्रत्यक्ष अस्तित्वाची अटच काढली आणि लिंकवाल्यांना ओढण्याचं कारण संपलं. दहा वर्षं दोन हत्तींची झुंज चालली आणि गवत कोणाचं तुडवलं गेलं ते वेगळं सांगायला नको.

भारतात हे सगळं उशिरा आलं. फ्लिपकार्ट २००७ चं. अ‍ॅमेझॉनचा भारतप्रवेश तर मजेशीर आहे. १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉनने जंगली नावाची कंपनी विकत घेतली होती, आनंद राजारामन, वेंकी हरिनारायण वगैरे भारतीय मंडळींनी अमेरिकेत काढलेली. वेगवेगळ्या दुकानांतला माल एका जागी शोधून दाखवायचं तंत्र त्यांचं. फेब्रुवारी २०१२ मध्ये, परदेशी कंपनीला इथे थेट किरकोळ विक्रीची मुभा नसताना, अ‍ॅमेझॉनने तेच नाव घेऊन भारतात जंगली डॉट कॉम काढलं. काय होतं त्यावर? दुसऱ्या दुकानांच्या मालाची यादी. ज्यांनी जगाला आपला माल मांडायला लावला, त्यांनीच इथे पहिली पायरी म्हणून इतरांचा माल मांडला. जून २०१३ मध्ये इतर विक्रेत्यांसाठीची बाजारपेठ म्हणून अ‍ॅमेझॉन डॉट इन आलं, आणि मग मराठीत मोबाईलची परीक्षणं लिहिणाऱ्या पोरांनाही या लिंक लावता येऊ लागल्या.

पुढचा धडा एप्रिल २०२० चा. कोविडमुळे दुकानं बंद, सगळं जग ऑनलाइन खरेदी करतंय. अशा वेळी अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनने दर कापले. फर्निचर आणि घरगुती सामानाचे ८ टक्क्यांवरून ३ टक्के, किराण्याचे ५ वरून १. आठवडाभर आधी कळवलं. कराराचा भंग झाला नाही, कारण दर बदलायचा अधिकार करारातच होता. ज्याच्या मोजपट्टीवर तुमची कमाई ठरते, तोच मोजपट्टीचा मालक असला की असंच होणार.

याच काळात चांगलं कामही झालं, ते सांगायला हवं. ब्रायन लॅमने २०११ मध्ये वायरकटर ही साइट काढली. ढीगभर वस्तू आणून, वापरून, शेवटी एकीची शिफारस करायची आणि लिंकवर जगायचं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१६ मध्ये ती सुमारे ३ कोटी डॉलरना विकत घेतली. म्हणजे परीक्षण करणारा आणि दारात सोडणारा एकच असला, आणि त्याने काम नीट केलं, तर हा धंदा प्रतिष्ठेने चालू शकतो.

पण गृहीतक जागच्या जागीच होतं. हनी नावाचं ब्राउझरचं एक जोडपाकीट होतं. तुम्ही पैसे भरायला गेलात की ते सवलतीचे कूपन शोधून द्यायचं. पेपॅलने ते २०१९ मध्ये ४ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये मेगालॅग नावाने चॅनल चालवणाऱ्या एका यूट्यूबरने आरोप केला की पैसे भरायच्या क्षणी हनीचं बटण दाबलं की यूट्यूबरांच्या चिठ्ठीवर हनीची चिठ्ठी चिकटते, कूपन मिळो वा न मिळो. अनेक यूट्यूबर कोर्टात गेले. पेपॅलचं म्हणणं काय होतं? आम्ही धंद्यातल्या रूढ नियमाप्रमाणे चालतो, शेवटच्या क्लिकच्या नियमाप्रमाणे. मार्च २०२५ मध्ये गुगलने क्रोमचे नियम बदलले: वापरणाऱ्याला प्रत्यक्ष काही फायदा होत नसेल तर अशा जोडप्रोग्रॅमांनी आपली अ‍ॅफिलिएट लिंक घुसवायची नाही. १९९४ ची चिठ्ठी, आणि २०२५ मध्येही वाद तोच.

वाचकाच्या बाजूने कायदा जागा झाला तो अमेरिकेत डिसेंबर २००९ पासून. पैसे मिळत असतील तर सांगा, असं तिथल्या व्यापार आयोगाने बजावलं. भारतात मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींसाठी तसे नियम लागू केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने सूचना काढल्या. माझ्या मते हे नियम वाचकाच्या हक्काचे आहेत. लॉजची शिफारस करणाऱ्याला लॉजवाला पैसे देतो हे कळलं की आपण रिक्षातून उतरत नाही. फक्त खोली जरा नीट बघून घेतो. तेवढंच पुरेसं असतं.

आता पुढे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआयने जाहीर केलं की चॅटजीपीटीशी बोलता बोलताच वस्तू विकत घेता येईल आणि दुकानदार त्यांना शुल्क देईल. "माझ्या आईच्या गुडघेदुखीला कोणती चप्पल बरी?" असं विचारायचं आणि तिथेच घ्यायची. यंत्राला ते उत्तर कुठून आलं? कोणीतरी चार जोड वापरून, टाचा मोजून, फोटो काढून कधीतरी वेबवर लिहिलं होतं, त्यातून. त्या माणसाची लिंक कोणी दाबली नाही, त्याच्या पानावर कोणी आलं नाही. त्याची चिठ्ठी खोडायचीसुद्धा गरज पडली नाही, कारण ती लागलीच नाही.

तीस वर्षं हा धंदा शेवटच्या माणसाला पैसे देत आला. पहिल्याला, म्हणजे ज्याने वस्तू हातात घेऊन खरं काय ते लिहिलं त्याला, अधूनमधून त्यातलं काही मिळत गेलं, कारण कधीकधी पहिला आणि शेवटचा एकच असायचा. ते 'कधीकधी' संपलं तर असं लिहिणारे किती दिवस लिहितील? आणि ते थांबले तर यंत्र तरी सांगणार काय? हा प्रश्न कुकीने सुटणारा नाही. तोवर आपल्या हातात एवढंच आहे: एखाद्याच्या लेखामुळे तुमचे पैसे वाचले असतील, चुकीची वस्तू घ्यायची टळली असेल, तर खरेदी करताना परत त्याच्या पानावर जा आणि तिथलीच लिंक दाबा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि शेवटची चिठ्ठी कोणाची लागेल हे त्यात तुम्ही स्वतः ठरवता.

असो. तुमच्यापैकी कोणी साइटवर अशा लिंक लावून बघितल्या असतील तर अनुभव जरूर कळवा. पुढच्या शनिवारी भेटूच.